चांदी काळी पडतेच

मध्य प्रदेशातल्या भरवेलीच्या खाणीत जिचा नवरा कामाला, त्या बाईचा अर्धा जन्म काळं घासण्यात जातो. मँगनीजची भुकटी कपड्यांत, कानांत, नखांत शिरते. आईने बाबांना पाय घासल्याशिवाय कधी घरात येऊ दिलं नाही. बाबा निवृत्त झाले, पण कॉलनीच्या रस्त्यावरची धूळ काही निवृत्त झाली नाही. आईचं घासणं चालूच राहिलं.

बाबांना शुगर होती. पायाला काही टोचलं तरी कळायचं नाही. अंगठ्याखाली जखम झाली आणि भरेना. बालाघाटात जो तो पाय कापायचीच भाषा बोलू लागला, तेव्हा मी कोर्टातल्या नोकरीतून रजा काढून त्यांना नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथे कोल्ड प्लाझ्माचं यंत्र होतं. हातात मावणारी नळी आणि टोकाला जांभळी ज्योत. डॉक्टरांनी ती आधी स्वतःच्या बोटावर फिरवून दाखवली, मग जखमेवर. चटका बसत नाही, पण जंतू मरतात म्हणे. बाबा डोळे बारीक करून पाहत होते. "आग आहे अन् जळत नाही," ते म्हणाले, "हिच्यावर बिडी बी पेटणार नाही."

मग जखमेवर नॅनोफायबरची पांढरी चकती बसवली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे धागे असतात, त्यांच्या आधाराने नवी कातडी चढते आणि चकती जखमेतच विरघळते. डॉक्टर हे सगळं मला इंग्रजीत, मोठ्या हौसेने सांगत होते. मी शिकलेली दिसत होते ना! मी घरी येऊन आईला बजावलं: वरची पट्टी बदलायची, पांढरा पापुद्रा आपोआप विरघळतो, त्याला हात लावायचा नाही, पाणी लागू द्यायचं नाही. आईने ते देवाच्या शपथेसारखं पाळलं. जखम खरंच लहान होत चालली. पाय वाचला, असं आम्ही नातेवाइकांना फोन करून सांगूही लागलो.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी नव्या प्रकारची चकती लावली. दिसायला तशीच पांढरी, म्हणून मीही काही विचारलं नाही.

काही दिवसांनी आईने पट्टी उघडली, तर पांढरं कुठेच नव्हतं. जखमेवर काळं होतं. पुढे काय झालं हे तिने इतक्या जणांना सांगितलंय की मला पाठ झालंय. "पापुद्रा विरघळून जाते, हे तं माह्या पोरीनंच सांगतलं होतं. मले वाटलं तो गेला अन् आतमंदी धूळ बसली. काळं दिसल्यावर घासल्याबिगर कशी राहू?" तिने कोमट पाणी आणि साबण घेऊन तो पाय मनापासून घासला. बाबांना काही कळलं नाही. ते चहा पीत बसले होते.

ताप चढला, पाय सुजला. नागपूरला पोचेपर्यंत विष वर गेलं होतं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आम्ही भावंडं भांडतो ते हिंदीत. दवाखान्याच्या व्हरांड्यात माझा भाऊ आईला म्हणाला, "पैर डॉक्टर ने नहीं, तूने काटा है." मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं.

मी डॉक्टरांना गाठलं. नवी चकती काळी पडते का, एवढंच विचारलं.

"हो, तिच्यात चांदी असते ना. काळी पडतेच."

पडतेच! धाग्यांची जाडी समजावून सांगायला त्यांच्याकडे वेळ होता. हे एक वाक्य तेवढं जड झालं. वर मलाच ऐकवलं, "पाणी लावू नका, हे बजावलं होतं तुम्हाला." मी मान डोलावली, कारण बाबा अजून त्यांच्याच हातात होते.

टाके दाखवायला आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा बसायच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही लागला होता. त्यावर एका जखमेचे फोटो एकामागून एक येत होते: मोठी, मग लहान, मग नखाएवढी. खाली लिहिलं होतं, 'नव्या उपचाराने पाय वाचला.' डॉक्टरांनी दर खेपेला मोबाइलवर फोटो काढले होते, ते कशासाठी ते तेव्हा कळलं. दगड पडून वाकडं झालेलं अंगठ्याचं नख बाबांनी लगेच ओळखलं.

"हा तं माहा पाय," ते शेजारच्या माणसाला म्हणाले. त्या माणसाने बाबांच्या दुमडलेल्या पायजम्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

आई उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. फोटो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, तरी ती हलेना. मी तिला धरून आणायला गेले.

"किती चांगला भरला होता वं," ती म्हणाली.