पायाचा कौल

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या वहिनीचे. आई गेली तेव्हा मी मराठी चौथीत होतो. दादा म्हणाला, आता ह्याला गुरांमागं पाठवू. वहिनी नवी नवरी, तरी पदर सावरून म्हणाली, "गुरं मी बघीन. भावजींना पौडाला शाळंत धाडा." त्यामुळे मी शिकलो. पुढं पुण्यात वसतिगृहात राहून बी.ए. झालो, शाळेत शिक्षक म्हणून लागलो. आमच्या घरातला पहिलाच पदवीधर. म्हणूनच दादाच्या पायाला गाठ आली तेव्हा सगळं घर माझ्या तोंडाकडे पाहू लागलं.

नडगीवरची ती गाठ आधी कुणी मनावर घेतली नव्हती. बैलानं लाथ मारली असेल म्हणून तिच्यावर बिब्बा घातला. भातलावणी उरकेपर्यंत दादाला काठीशिवाय उभं राहता येईना, आणि तरीही पाऊस संपेपर्यंत तो घरातून हलला नाही. शेवटी मी त्याला पुण्याच्या इस्पितळात आणलं. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासला आणि मला बाजूला नेलं. हाडाचा कॅन्सर आहे, गुडघ्याच्या वरून पाय काढावा लागेल. काढला तर आशा आहे, खात्री नाही. ठेवला तर गाठ छातीत जाईल. "तुम्ही शिकलेले आहात. समजवा त्यांना."

मला समजावता आलं नाही. दादा सगळं ऐकून घेई आणि एवढंच म्हणे, "खाचरात एका पायावर हुबा ऱ्हाऊ व्हय? बगळा हाय का मी?" शेजारच्या खाटेवरचा हसला. दादा हसला नाही.

तशात गावाहून आमचे चुलते, तात्या, आले. त्यांनी भैरोबाला कौल लावला होता. आमच्याकडे अडचणीच्या वेळी गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर देवाचा होकार. उजवीच पडली होती. तात्यांनी दादाच्या नडगीला अंगारा लावला. "पाय ऱ्हातोय. देवानं सांगितलंय. चल घरला."

दादाचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला. देवाच्या शब्दापुढं मीही मान डोलावली. सकाळी त्याला घेऊन जायचं ठरलं.

सकाळी आम्ही सामान बांधत होतो तर वहिनी वॉर्डाच्या दारात उभी. एवढा प्रवास तिनं एकटीनं कधी केला नव्हता.

"तू कशाला आलीस?" तात्या म्हणाले. "मी आणतोच हाय की त्याला."

"तात्या, कौल काय म्हणून लावलावता?"

"पाय ऱ्हाईल का म्हणून."

"पायाचं इचारलंत. मान्साचं इचारलंत का?"

मग वहिनीनं सांगितलं. तात्या गावाहून निघाल्यावर तिनं गुरवाला पुन्हा कळ्या लावायला लावल्या होत्या. पाय गेला तर माणूस राहील का, असं विचारलं. कळ्या सुकल्या तरी एकही पडली नाही. गुरव म्हणाला, उद्या ये. "म्या म्हनलं, देव गप बसला म्हंजी माझ्यावर सोडलं."

"आन् नसंल सोडलं तर?" दादानं विचारलं.

"तर माझ्यावर कोपंल. तुमच्यावर न्हाई."

"एका पायाचा नवरा काय कामाचा?"

"बसून लसूण तरी सोलाल. आजवर कवा सोललाय?"

दादानं भिंतीकडं तोंड फिरवलं. तात्या पिशवी उचलून निघून गेले. बऱ्याच वेळानं दादानं, तसंच पाठमोरं राहून, अंगठा मागं केला. ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर तो मी टेकवला.

पाय काढला त्याच संध्याकाळी वहिनीला परतावं लागलं. भात कापणीला आलं होतं. काही दिवसांनी मी तिला पत्र लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, कुणीतरी वाचून दाखवायचं.

"तीर्थस्वरूप वहिनींस, साष्टांग नमस्कार.

पत्र जो कोणी वाचून दाखवील त्याने ते तात्या जवळ नसताना वाचावे. दादाचा ताप उतरला आहे. जखम अजून ओली आहे. छातीचा फोटो स्वच्छ आला. पण असे फोटो पुन्हा पुन्हा काढावे लागतील, आत्ताच काही सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. तुमच्यापासून लपवायचे नाही म्हणून हेही लिहितो. दादा जेवतो, पण फारसे बोलत नाही. नसलेल्या पायाची बोटे दुखतात म्हणतो आणि माझ्यावर चिडतो. तुमच्यावरही राग आहे. काल म्हणाला, तिने देवाला विचारले, मला कुठे विचारले? मी म्हटले, अंगठा तुझाच होता. त्यावर त्याने ताट सरकवले. तुम्ही केलेत ते बरोबर की चूक, मला अजून कळत नाही. मला ते जमले नसते. आज तो खाटेवर बसून माझ्यावर ओरडतो आहे, एवढे खरे. कापणी उरकली की या. त्याने बोलावलेले नाही. तरी या."