दादा पुन्हा बोलायला शिकले

नगर स्टेशनवर जम्मूकडं जाणारी गाडी फार वेळ थांबत नाही, त्यामुळं आमचा निरोप घाईतच झाला. आनंदनं बॅगा आत ढकलल्या. आईनं खिडकीतून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला आणि पदर तोंडाला लावला. माझ्या कडेवर रिबेका होती, जेमतेम रांगायला लागलेली. आनंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मोहालीच्या नॉलेज सिटीत एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञाची नोकरी लागली होती आणि आम्ही राहुरीजवळचं आमचं गाव सोडून चंडीगढकडं निघालो होतो. माझे वडील खिडकीचे गज धरून उभे होते. आम्ही भावंडं त्यांना दादाच म्हणतो. दादा गावच्या चर्चचे पाळक. उभा जन्म बोलून लोकांना धीर दिलेला माणूस. मला वाटलं, आता लांबलचक प्रार्थना करतील आणि प्रार्थना संपायच्या आत गाडी सुटेल. पण ते एवढंच म्हणाले, "एस्तेर, तिकडं गेल्यावर साऱ्या आयुष्याची काळजी एकदम करत बसू नको, बरं का. सकाळी उठलीस की देवाला विचार, आज काय? तो सांगेल तेवढं मन लावून कर."

'बरं का' ही त्यांची जुनी सवय. उपदेशातही ते सतत यायचं, आणि मागच्या बाकांवरची पोरं ते बोटांवर मोजायची. तुमच्यापैकी कितीतरी जण त्या पोरांत होते.

हे मी तुमच्यासाठीच लिहितेय. गावातले तुम्ही सगळे फोनवर अजून विचारता, "पाळकसाहेबांना परत कधी पाठवणार?" फोनवर नीट सांगता येत नाही. आमच्यासारखे जे लांब जाऊन राहिले, त्यांनीही वाचलं तर बरं वाटेल.

चंडीगढनं आम्हाला वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. रस्ते सरळ, झाडं भरपूर, माणसं मोठ्या आवाजाची आणि मोठ्या मनाची. पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या आंटीजींनी आपली जुनी रजई आणून दिली आणि "बेटा, मराठी लोगों को ठंड का पता ही नहीं," म्हणून मनसोक्त हसल्या. चर्चही सापडलं. तिथली गाणी हिंदी-पंजाबी, ढोलकीवर, टाळ्यांच्या गजरात. मी ती शिकले. पण प्रार्थनेला डोळे मिटले की तोंडात मराठीच यायची, आणि शेजारी बसलेलीला कळणार नाही म्हणून मी ती मनातल्या मनात करायची. मनातली प्रार्थना हळूहळू पातळ होत गेली. पुढं मला डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात, गोळ्यांची तपासणी करतात त्या विभागात नोकरी मिळाली. सकाळी कंपनीची बस. बसमध्ये डोळे मिटून प्रार्थना करायची असं ठरवलं होतं, पण बहुतेक वेळा झोपच लागायची. देवाला 'आज काय' असं विचारायची गरजच पडत नव्हती. आज काय ते सुपरवायझर सांगायचा.

रिबेका इथंच मोठी झाली. मी मराठीत बोलायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची. सुट्टीत गावी गेलो की दादांशी तिचं बोलणं म्हणजे "हाँ नानू" आणि "नहीं नानू". दादा हसून म्हणायचे, "पोरगी गोड आहे, पण आमच्या दोघांमध्ये दुभाषा लागतो."

मग आई गेली. दादा निवृत्त होऊन गावातच एकटे राहू लागले. आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. माझा भाऊ सॅम्युएल पुण्याहून धावला, मी इथून विमानानं गेले. नगरच्या दवाखान्यात दादा पडून होते. उजवा हात लुळा, तोंड किंचित वाकडं. मला बघून त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ओठ हलवले आणि म्हणाले, "बरं का."

मी म्हटलं, "हो दादा, सांगा ना."

"बरं का. बरं का." आणि ते स्वतःच दचकून थांबले.

डॉक्टरांनी समजावलं, की बोलण्याचा मेंदूतला भाग दुखावलाय. त्यांना सगळं कळतं, मनात विचारही असतात, पण शब्द हाताला लागत नाहीत. एवढाच एक राहिलाय. भूक लागली की बरं का, राग आला की बरं का, आभार मानायचे तरी बरं का.

सॅम्युएलचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आमचं घर चंडीगढला लागूनच मोहालीत, सेक्टर एकाहत्तरमध्ये, तळमजल्यावर. म्हणून दादांना चंडीगढला आणायचं ठरलं. "बरे झाले की परत आणतो," असं मी तुम्हा सगळ्यांना अंगणात उभं राहून सांगितलं होतं, आणि ते मनापासून सांगितलं होतं.

इथं सरकारी दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, पंजाबी, वयानं लहान. त्या चित्रं दाखवायच्या. "अंकल जी, ये क्या है? पानी. बोलो, पानी." दादा घाम फुटेपर्यंत प्रयत्न करायचे आणि शेवटी तेच दोन शब्द निघायचे. काही दिवसांनी त्या मला बाहेर घेऊन म्हणाल्या, "दीदी, मुझे आपकी बोली नहीं आती, और इनको अपनी बोली ही चाहिए. घर पे कराओ. थोड़ा-थोड़ा, पर रोज. रोज वाला ही जीतता है जी."

घरी रोज करायचं, पण करणार कोण? आनंद आणि मी संध्याकाळी दमून येणार. त्याच सुमारास कारखान्यात मला वरची जागा देऊ केली होती, पण तिथं पाळ्या बदलत्या होत्या. आणि खरं सांगायचं तर माझं मनच लागत नव्हतं. मी देवावर रागावले होते. ज्या माणसानं आयुष्यभर तुझं नाव घेतलं त्याची जीभच घेतलीस? दुसरं काहीही नेलं असतंस. जेवणाआधी आनंद प्रार्थना करायचा तेव्हा मी ताटाकडं बघत बसायचे.

हे रिबेकाच्या लक्षात आलं होतं. ती तेव्हा नुकतीच कॉलेजात गेली होती. एका रविवारी मी भाजी निवडताना ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मम्मी, आप गुस्सा हो ना? पर नानू तो नहीं हैं. वो रोज सुबह खिड़की के पास प्रे करते हैं. मैंने देखा है. बस आवाज नहीं आती."

दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठून बघितलं. दादा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. डावा हात उजव्या लुळ्या हातावर ठेवलेला. ओठ हलत होते. त्यांच्याकडं देवासाठी दोनच शब्द उरले होते आणि ते तेच देत होते, न लाजता. मी तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले. कितीतरी वर्षांनी विचारलं, प्रभू, आज काय? आकाशवाणी वगैरे काही झाली नाही. पण इतकं स्पष्ट वाटलं, की आज दादांजवळ अर्धा तास बसायचं. उद्याचं उद्या. वरच्या जागेला मी त्याच आठवड्यात नाही म्हटलं, आणि त्याचं मला पुढं कधी वाईट वाटलं नाही.

तुम्हाला दादांचं ते सकाळचं गाणं आठवत असेल. शाळेत जाणाऱ्या पोरांसाठी त्यांनी स्वतः जुळवलेलं:

दिवस दिला रे, दिवस दिला,
देवानं आजचा दिवस दिला.
चूल पेटली, कोंबडा बोलला,
हातांना कामाचा वाटा दिला.

एके सकाळी त्यांच्यासाठी चहा गाळता गाळता मी ते गुणगुणत होते. "देवानं आजचा" म्हटलं, आणि दूध उतू जातंय म्हणून गॅसकडं वळले. मागून जाड, खरखरीत आवाज आला, "दिवस दिला."

मी वळले. दादा माझ्याकडं बघत होते, माझ्याइतकेच चकित.

मॅडमना सांगितलं तर त्यांना आनंद झाला, पण आश्चर्य वाटलं नाही. गाण्याची वाट मेंदूत वेगळीकडून जाते म्हणाल्या, बोलणं अडलं तरी कधी कधी गाणं वाहतं. "अब गाने से शब्द निकालो," म्हणाल्या. मग आमच्या घरात रोज सकाळी गाणं सुरू झालं. मी सुरू करायची, शेवटचा शब्द दादांसाठी सोडायची. चूल म्हटलं की चुलीकडं, म्हणजे गॅसकडं बोट. मी कंपनीच्या बसनं गेले की रिबेका त्यांच्याजवळ बसायची. तिला सगळं गाणं येत नव्हतं, अर्थही अर्धवट कळायचा. त्यामुळं तीही शिकत होती. दोघं एकमेकांना धरून चालणाऱ्या आंधळ्यांसारखे. कधी आठवडाभर काहीच पुढं सरकायचं नाही. दादा चिडून तोंड फिरवायचे आणि ती म्हणायची, "कोई नहीं नानू, कल." दुसऱ्या दिवशी परत हजर.

आणि एकदा असं झालं. ती कॉलेजला जायच्या गडबडीत घरभर शोधत मराठीत ओरडली, "माझा पुस्तक कुठे आहे?"

दादांनी खुर्चीतून बोट वर केलं. "माझं," ते म्हणाले.

"काय नानू?"

"माझं. पुस्तक."

गाणं नाही, चाल नाही. सरळ बोललेला पहिला शब्द, आणि तोही नातीचं व्याकरण सुधारायला! ती त्यांच्या गळ्यात पडून रडली. मग मुद्दाम घरभर चुका करत हिंडली, "माझा पाणी, माझी घर," आणि दादा हसत हसत एकेक शब्द दुरुस्त करत राहिले.

गेल्या नाताळात मी कबूल केल्याप्रमाणं त्यांना गावी घेऊन आले. तुम्ही सगळे होतातच. चर्चमध्ये जागा नव्हती. दादांना पुढं नेऊन बसवलं, आणि नवे पाळक म्हणाले, "दोन शब्द बोला." मला धास्ती वाटली. दादा काठीवर उभे राहिले. ओठ पुन्हा पुन्हा जुळवत राहिले. मग म्हणाले, "देव... चांगला. रोज." आणि हात वर करून आशीर्वाद दिला. त्यांच्या तासाभराच्या कुठल्याही उपदेशापेक्षा मला तो जास्त समजला.

चार दिवसांनी आम्ही निघायच्या बेतात होतो. घर झाडून ठेवलेलं, शेजारच्या मार्थाकाकू जेवण बघणार, सॅम्युएलनं एक माणूसही ठरवलेला. मी दादांसमोर बसून विचारलं, "दादा, आता इथं राहता ना?"

त्यांनी मान हलवली. नाही.

मार्थाकाकूंना ते लागलं. "अहो पाळकसाहेब, सगळं आयुष्य इथं गेलं. आमचं काही चुकलं का?"

दादांनी त्यांचा हात हातात घेतला, थोपटला. मग रिबेकाकडं बघितलं. शब्दासाठी ते झगडत होते, कपाळावरची शीर फुगली. मदत करायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी मला थांबवलं.

"काम," ते म्हणाले. "तिकडं... काम आहे."

काकू रडता रडता हसल्या. ऐंशीला टेकलेला माणूस, एक हात लुळा, बोलायला मोजके शब्द, आणि म्हणतो काम आहे. पण खरंच आहे. सकाळी नातीला मराठी शिकवायची असते. आता तर सैन्यातल्या एका मेजरसाहेबांची बायको, साताऱ्याकडची, आपल्या छोटीलाही आणून बसवते. घरी दोघंही मराठी बोलतात, पण पोरगी उत्तर द्यायची हिंदीतच. दादा बोलतात सावकाश, पोरीही बोलतात सावकाश, त्यामुळं कुणीच कुणाच्या पुढं पळत नाही.

म्हणून पाळकसाहेब परत आले नाहीत. तुम्हाला विसरले म्हणून नव्हे.

आम्ही परत आलो त्या दुपारी चंडीगढवर धुकं होतं, विमान उशिरा उतरलं. टॅक्सीवाले सरदारजी गप्पिष्ट होते. आरशातून बघत त्यांनी दादा कुठले ते विचारलं, "बाऊजी, कित्थे दे हो तुसीं?"

उत्तर द्यायला रिबेका पुढं सरकली. दादांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. खिडकीबाहेर पांढरं, काहीच दिसत नव्हतं. आम्ही सगळे थांबलो. सरदारजींनीही घाई केली नाही.

"राहुरी," दादा म्हणाले. मग जरा दम घेऊन, प्रत्येक अक्षर नीट उचलत, "सेक्टर... एकाहत्तर."