ट्रॉलीवाल्याच्या हातची होडी

आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, डॉक्टरनं सांगितलं, आता गुडघे दुमडायचे न्हाईत. हे म्हणजे कोंबड्याला आरवू नको म्हणल्यासारखं झालं. माजलगावच्या धरणावर मासे धरायचे तर माणूस दुमडूनच बसतो. होडीबिडी टीव्हीत. आमच्याकडं थर्माकोलचे तुकडे खताच्या पोत्यात कोंबायचे, सुतळीनं आवळायचे, अन् त्या गाठोड्यावर मांडी घालून बसायचं. दोन हातात दोन फळकुटं, त्यानं पाणी मागं सारायचं. लांबून बघितलं तर वाटतं, कुणीतरी पाण्यावर पंगतीला बसलंय अन् वाढप्याची वाट बघतंय.

मामानं लगेच टपून डाव साधला. "दाजी, सोडा आता ते मासे. आपल्या साहेबांच्या कॉलेजात गेटवर माणूस पाहिजे. खुर्ची हाय, पंखा हाय. पाय मोकळे सोडून बसायचं."

"समोर काय हाय?" आप्पांनी विचारलं.

"समोर? रस्ता हाय की."

"त्याच्यात मरळ घावती का?"

मामाचे साहेब म्हणजे गावातले भावी. गावात डॉक्टर असतो, वकील असतो, तसा आमच्याकडं हा एक भावी हाय. मी शाळेत जायला लागलो तवापासून बॅनरवर त्याच्या नावाआधी ते लिहिलेलं बघतोय. आधी भावी नगरसेवक, मग भावी सभापती, आता भावी आमदार. मधलं काहीच झालं न्हाई, पण माणसाला बढती मिळत गेली. त्याची नक्कल माझ्याइतकी कुणाला जमत न्हाई. हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले, अन् "ह्या ठिकाणी मी आपल्याला सांगू इच्छितो." सांगत काहीच न्हाई, नुसतं इच्छितो.

त्याच आठवड्यात आप्पांना होडी दिसली. भंगारवाल्याच्या वाड्यात पालथी पडलेली, अॅल्युमिनियमची, कुण्या जमान्यात धरणावर फिरायला आलेल्या पाहुण्यांसाठी आणलेली असंल. तिच्यावर कोंबड्या बसायच्या, त्यामुळं रंग कोणता ते कळत नव्हतं. आप्पांनी तिच्या पोटावर टिचकी मारली, कान लावला, अन् आमची बंद पडलेली मोटारसायकल देऊन ती उचलून आणली. घरात ठरलं. माशांच्या अंडी घालायच्या दिवसांतली मासेमारीबंदी उठंस्तोवर होडी तरंगली तर आप्पा पाण्यावर, न्हाईतर गुमान गेटवर. माय म्हणाली, "दोन्हीकडं माझ्या डोक्याला ताप, पण गेटवर निदान वास न्हाई येणार."

आता होडी दुरुस्त कोण करणार? आमचा मुलूख उसाचा. इथं ट्रॅक्टर जलमतो, ट्रॉली जलमती. तर काम गेलं गावातल्या एक नंबरच्या ट्रॉलीवाल्याकडं. हा वेल्डर, पण थाट सर्जनचा. आल्या आल्या त्यानं होडीला लाथ मारली. ट्रॉलीला लाथ मारली की आवाजावरनं त्याला कळतं म्हणं. होडीला पोचा पडला. "पत्रा नाजूक हाय," त्यानं निदान केलं.

मग त्यानं भोकाला वेल्डिंगचा रॉड लावला. लोखंडाचा रॉड, अॅल्युमिनियमचा पत्रा. होडीला बोटभर भोक होतं ते बघता बघता चहाच्या बशीएवढं झालं. चष्मा वर करून तो त्या भोकातनं आरपार बघायला लागला.

"काय झालं?" आप्पा.

"मोठं भोक बुजवायला सोपं असतं, आप्पा. हात जातो."

शेवटी लग्नातल्या भाताच्या फुटक्या पातेल्याचं बूड कापलं, मधी ट्रकच्या ट्यूबचं रबर घातलं, चहूकडनं पत्र्याचे खिळे, म्हणजे रिपिट, मारले अन् वरनं डांबर फासलं. ठिगळ बरं बसलं, खोटं कशाला बोलू.

गळती बघायची तर होडी आतनं पाण्यानं भरायची अन् बाहेरनं कुठं ठिपकतं ते बघायचं. पंक्चर काढल्यासारखंच, फक्त उलटं. पण पाणी? धरण आमच्या उशाला अन् नळ परमेश्वराच्या मर्जीवर. आमी टँकरचं पाणी घरासमोर होडीत सोडलं तर सगळी गल्ली कमरेवर हात ठेवून उभी.

"आमाला प्यायला न्हाई, अन् तुमी होडीला पाजता?" शेजारची मावशी.

"मावशे, तहान लागली तिला."

"तुला लावू का तहान?"

मी खडू घेऊन गळत्या जागी फुल्या मारत होतो, तवर बायकांनी ठराव करून टाकला. पाणी सांडू द्यायचं न्हाई. गोधड्या आल्या, चादरी आल्या, शाळेचे गणवेश आले. दिवसभर आमच्या होडीत गल्लीची धुणी झाली. एक सांगतो, देशात इतकी स्वच्छ होडी दुसरी नसंल. आप्पा ओट्यावर पाय लांब करून बघत होते. म्हणाले, "मासे धरायच्या आधीच जात बाटली हिची, परटीण झाली." मायनं त्यांच्याकडं असं बघितलं की पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

ठिगळं लागली, गळती थांबली. इथंच सोडलं असतं तर ही गोष्ट संपली असती. पण वेल्डरला काम सुंदर करायचं होतं, अन् मामाला उद्घाटनाला साहेबांना बोलवायचं होतं. हे दोघं एकत्र आले की देवानं लांब पळावं.

मामा म्हणाला, सावली पाहिजे. वेल्डरनं ट्रॉलीच्या मापाचा लोखंडी सांगाडा केला अन् होडीच्या काठाला नटबोल्टनं आवळला. मग त्यावर छप्पर. मग छपरावर भोंगा. बाजूनं लाल-पिवळं रेडियम, रातच्याला समोरच्याला दिसावं म्हणून. मी विचारलं, "पाण्यात समोरनं कोण येणार हाय, ट्रक?" मागच्या बाजूला त्यानं सवयीनं ट्रॉलीचा हूकसुद्धा लावला.

"हूक कावून?" आप्पांनी विचारलं.

"असू द्या. लागतो कवा कवा."

"दुसरी होडी वढायची का मागं?"

"आप्पा, ट्रॉलीला लोक नको नको म्हणतेत, अन् मग हूक मागायला माझ्याच दारात येतेत."

आप्पांना नको होतं हे समदं. पण लोखंड साहेबांकडनं फुकट आलेलं, अन् मेहुण्याच्या फुकटाला तोंडावर नको म्हणायचं म्हणजे मायच्या माहेराला नको म्हणायचं. तेवढी छाती आमच्या गल्लीत कुणाची न्हाई. ते नुसतं म्हणाले, "जड हुईल." वेल्डर म्हणाला, "जड गाडी रोडला धरून चालती." बरोबर हाय. पण रोड असला तर.

बंदी उठली त्या सकाळी होडी ट्रॅक्टरवर घालून धरणावर नेली. पुढं हलगी. छपरावर साहेबांचा फोटो, होडीपेक्षा मोठा, अन् खाली 'मत्स्यक्रांतीचे जनक'. आप्पांचा फोटो कुठंच न्हाई. आप्पा सोता होते, ते पण ट्रॅक्टरच्या मागं चालत, लंगडत.

गाडी नवी असू दे न्हाईतर जुनी, आमच्याकडं नारळ फुटल्याशिवाय ती हलत न्हाई. माणसं चाकापाशी दगड ठेवतेत अन् त्याच्यावर फोडतेत. होडीला चाक कुठलं? माझं म्हणणं, काठावरच्या दगडावर फोडा. पण व्हिडिओवाला म्हणाला, साहेब, दगड फ्रेममधी येत न्हाई, होडीच्या नाकावर मारा.

साहेबांनी मारला. नारळ टणकन उडाला. होडीला पोचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं फुटला.

"साहेब, परत. चेहरा इकडं," व्हिडिओवाला.

दुसऱ्यांदा मारला. पोचा खोल. आता साहेब इरेला पेटले. भावी माणसाला सगळं झालं तरी चालतं, नारळ न फुटलेला चालत न्हाई. त्यांनी बाह्या सारल्या, तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी हाणला, अन् 'तट तट तट' आवाज आला. आप्पा वरडले, "रिपिट गेले! रिपिट गेले!" पण हलगीत कोण ऐकतंय. नारळ शाबूत. होडी फुटली.

तरी साहेब चढले. व्हिडिओ चालू होता ना. मागनं मामा चढला, दोन कार्यकर्ते चढले, व्हिडिओवाला चढला, अन् फोटोत आपण न्हाई असं दिसल्यावर वेल्डरही चढला. आप्पा एक पाय उचलून काठाला धरून उभे. मामा म्हणाला, "दाजी, जागा न्हाई, पुढच्या ट्रिपला." माझ्या बापाच्या होडीत माझ्या बापाला पुढची ट्रिप!

बांबूनं ढकललं. होडी अशी दहा पावलं गेली असंल. छपरात वारं शिरलं, होडी एका अंगाला वाकली, सगळे तिकडच्याच अंगाला सेल्फी घ्यायला सरकले, अन् नाकातनं पाणी आत. साहेब बोलतच होते, "ह्या ठिकाणी मी आपल्याला सांगू इच्छितो," अन् सांगायच्या आधीच ह्या ठिकाणी बसले. पाणी मांडीइतकंच होतं, बुडायची सोय न्हाई. पण खाली गाळ. कांजीचा पांढरा सदरा कमरेपासून खाली काळा झाला. वर साहेब, खाली म्हैस.

काठावर हसू कुणी दाबलं न्हाई. मामा चिखलातनं बाहेर आला अन् सगळा राग आप्पांवर. "बघितलं ना दाजी? झाली हौस? आता उद्या सकाळी गेटवर या. साहेबांना मी कसंतरी समजावतो."

आप्पांनी त्याच्याकडं बघितलंच न्हाई. वेल्डरला म्हणाले, "पान्हा दे."

माणसं पांगली. मग आमी तिघांनी, मी, आप्पा अन् माय, एक एक बोल्ट सोडला. सांगाडा, छप्पर, भोंगा, हूक, सगळं काठावर पडलं. प्रत्येक बोल्टाला आप्पा एक शिवी देत होते, अन् मायचं माहेर असल्यानं ती मधी मधी एखादी गाळायला लावत होती. वर काढल्यावर होडी एवढीशी दिसायला लागली, लगीनघरातनं दागिने उतरवून आलेल्या नवरीवानी. नाकाला परत रबर, परत पत्रा, परत रिपिट. बोल्टांची भोकं लाकडी खुट्ट्या ठोकून बुजवली.

दुसऱ्या सकाळी आप्पा एकटेच आत बसले. हाताच्या फळकुटांची सवय, पण होडीचा काठ उंच, पाण्याला हातच पोचंना. माझ्याकडनं लांब बांबू घेतला, टोकाला फळकूट बांधलं, अन् सारायला लागले. सगळं लोखंड गेल्यामुळं होडी इतकी हलकी झालेली की एका जागी गरागरा फिरली. पुढं जाईना, नुसती फिरती. थर्माकोलवरची मंडळी गाठोड्यांवर बसून दात काढायला लागली.

"आप्पा, पिठाची चक्की टाकली का बे?"

"ज्वारी आण तुझी!" आप्पा फिरता फिरताच वरडले. "माझं तोंड तुझ्याकडं आलं की देतो तुला!"

मी काठावर पोट धरून बसलो होतो. कितीतरी येळ ते फिरले. मग बांबू एकदा डावीकडनं, एकदा उजवीकडनं असं सारायचं त्यांच्या ध्यानात आलं, अन् होडी नाक सरळ करून निघाली. सरळ म्हणजे आमच्या एसटीइतकी सरळ. पण निघाली. लांब जाऊन त्यांनी जाळं सोडलं, बांबू आडवा ठेवला, अन् दोन्ही पाय पुढं पसरले. पाण्यावर पाय पसरून बसलेला माणूस ह्या धरणानं बघितला नसंल.

एवढ्यात मामाचा फोन आला. गेटवर वाट बघून राहिलेत, दाजी कुठंयत. मी काठावरनं हाका मारून विचारलं, "आप्पा, मामाला काय सांगू?"

आप्पांनी आधी जाळ्याची दोरी काठाला बांधली. मग पाण्यावरनं आवाज आला, "म्हणावं, आताच पाय मोकळे केलेत. उठायची घाई न्हाई."