शेवरीला पाजलेलं अळणी

"काकू, ही काळी वर्तुळं बघा," डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवलं. "पॉलिसिस्टिक किडनी डिसीज." म्हणजे दोन्ही मूत्रपिंडांत पाण्यानं भरलेल्या पिशव्या. जन्मापासून असतात, वयाबरोबर फुगत जातात. पर्शियन मांजरांत हा रोग फार आढळतो, आईबापांपैकी एकाला असला तरी पिल्लात उतरू शकतो. मला मात्र पडद्यावर जाळी पडलेली आंबोळी दिसत होती. आपण कुठं उभे आहोत तेच कळेना.

शेवरी ही आमची पर्शियन मांजरी. चार महिन्यांपूर्वी जयसिंगपूरहून आणली. तिथल्या एकानं पिल्लं विकायचा धंदा बंद केला आणि हिला पिंजऱ्यातच ठेवलं. अंगावर केसांच्या गाठी, डोळ्यांना चिकट पाणी. मी भांडूनच उचलली. आमचे हे म्हणाले, "महागाची मांजर फुकट मिळाली म्हंजे कायतरी खोट हाय बघ."

"तुम्हीपण मला फुकटच मिळालाय की," मी म्हटलं.

मग ती पाणी फार प्यायला लागली आणि वाळत चालली. आमच्यात अशक्त माणसाला अळणी पाजतात, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, मसाला पडायच्या आधी काढून ठेवलेलं. बाळंतिणीला तेच, आजाऱ्याला तेच. शेवरीसाठी मी मीठ, कांदा, लसूणसुद्धा टाळला. हाडं घालून दाट अळणी, रोज दोन वाट्या, महिनाभर. ती चाटूनपुसून प्यायची, मी लाडानं बघत बसायची. दवाखाना डोक्यातच आला नाही. तोंड चालतंय ना, मग माणूस धड आहे, हे आमचं वैद्यक.

एका सकाळी तिनं वाटीकडं पाठ फिरवली.

तशीच उचलून मॅडमकडं नेली. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. मूत्रपिंडांनी बाहेर टाकायची घाण रक्तातच साठली की ते वाढतं. मी अळण्याचं सांगितलं तसा मॅडमनी रिपोर्ट खाली ठेवला. "किडनीला तेच जड जातं, काकू."

"म्हणजे मीच घालवली व्हय हिला?"

"रोग तुम्ही दिला न्हाय. पण एक महिना गेला."

खोटा धीर दिला नाही. बरं वाटलं नाही, पण पटलं.

तीन दिवस सलाइन. शाहूपुरीतल्या त्या दवाखान्याच्या बाकावर मी थेंब बघत बसायची. बाहेर हॉर्न, रिक्षा, भांडणं. आत मी गगनबावड्याच्या धुक्यात बसल्यागत. सकाळ कधी सरायची, दुपार कधी व्हायची, पत्ता लागत नव्हता. शेवरी अर्ध्या डोळ्यांनी बघायची. एकदा वाटलं, ती म्हणतेय, बाई, पुरे आता पाजणं. मला लाज वाटली.

चौथ्या दिवशी घरी आणली. ती बरी होणार नाही. किती दिवस आहेत ते मॅडमनाही सांगता येत नाही. किडनीचं वेगळं खाणं आणि दिवसाआड कातडीखाली सलाइन. सुई टोचायला मॅडमनी न कंटाळता शिकवलं, त्यांचे उपकार आहेत. मी टोचते, आमचे हे तिला धरतात आणि स्वतःच डोळे मिटून घेतात.

अशी जातिवंत मांजर सोडवून आणलीत, तर लाड नंतर करा, आधी सोनोग्राफी करा. तिची पिल्लं काढू नका. आणि घरचं औषध चालवायच्या आधी विचारा.

आज सकाळी ती माझ्या पावलावर डोकं टेकून झोपली. हलकं हलकं घोरत होती. गॅसवर दूध होतं. ते वर येताना दिसलं, उतू जाऊन ओट्यावर पसरलं. हे आतून ओरडले. मी पाय हलवला नाही.