अमेरिकेचा नकाशा राजूरला कसा राहिला

मागच्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागातून फोन आला. जुन्या शैक्षणिक साहित्याचे प्रदर्शन मांडायचे आहे म्हणाले. "मॅडम, तुमच्याकडून अमेरिकेचा एक मोठा नकाशा हरवला होता ना?" असे फोनवरच्या मुलीने अगदी गोड आवाजात विचारले. नकाशा हरवला नव्हता, मी तो दिला होता. पन्नास वर्षे ही समजूत चुकीची चालत आली असेल तर ती दुरुस्त करणे मला भाग आहे, म्हणून हे लिहिते. भंडारदऱ्याला जाताना राजूरला थांबावे का, असे या ब्लॉगवर विचारणाऱ्यांनाही यात उत्तर मिळेल. थांबावे आणि पेढे घ्यावेत.

गोष्ट १९७२ सालची, थंडी सरता सरता घडलेली. बांगलादेशचे युद्ध नुकतेच संपले होते आणि अमेरिकेने आपले आरमार बंगालच्या उपसागरात धाडले याचा राग गावोगावी होता. त्या काळी महाविद्यालयातले शिक्षक खेड्यांत जाऊन बहिःशाल व्याख्याने देत. राजूरच्या हायस्कुलातल्या नवले सरांनी कळवले की लोकांना अमेरिकेबद्दल ऐकायचे आहे. विभागातल्या पुरुष प्राध्यापकांना त्या आठवड्यात एकाएकी घरची कामे निघाली. मी सर्वांत धाकटी आणि बिनलग्नाची. मला पाठवले.

आरमारापर्यंत यायचे तर सुरुवातीपासून यावे, असे मी ठरवले. विषय दिला, 'अमेरिकन प्रजासत्ताकाची पहिली वर्षे : राजकारण, विस्तार आणि परकीय संघर्ष'. सोबत विभागाचा मोठा नकाशा घेतला. तो मांजरपाटावर रंगवलेला होता आणि त्यावरचा मराठी मजकूर माझाच होता. मूळ राज्ये पिवळी. मधून वाहणारी मिसिसिपी निळी. तिच्या पलीकडचा फ्रान्सकडून घेतलेला अवाढव्य मुलूख हिरवा, त्यावर ठसठशीत 'खरेदी, १८०३'. खाली तांबडी फ्लोरिडा, तिच्यावर 'ताबा'. दोन्ही टोकांना बांबूच्या काठ्या.

नगरहून सकाळची एसटी पकडली. राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर असा रस्ता. कोल्हारला प्रवरेचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना ऊस, आणि कारखान्याजवळ मळीचा वास असा की डबा उघडवत नाही. आता रस्ता रुंद झाला आहे, वास मात्र तसाच आहे. जाणाऱ्यांनी खाणे संगमनेरला करावे. तेव्हा तिथे गाडी बदलावी लागे. मिसळ चांगली मिळाली, चहा पाणीदार.

पुढच्या गाडीत नकाशा आत मावेना. कंडक्टर म्हणाला, "लांबडं सामान टपावर टाका, बाई. हाय काय त्यात?"

"अमेरिका."

"मंग टपावरच बरी."

टपावर कोणाची तरी दुधाची किटली होती. अकोले या तालुक्याच्या गावी उतरून पाहते तो नकाशाचा एक कोपरा दुधाने ओला. गाडी अर्धा तास थांबणार होती. मी नकाशा उलगडून स्टँडच्या बुटक्या कठड्यावर वाळत घातला. मावेना म्हणून आडवा टाकला. लोक जमले. कोणी हात लावला नाही, गोंगाट केला नाही. मला ती शिस्त आवडली. एका पागोटेवाल्याने निळ्या रेघेवरून नुसते बोट फिरवले आणि विचारले, "हे कवा व्हनार, बाई?"

मला वाटले व्याख्यानाबद्दल विचारतो आहे. "उद्या दुपारी. राजूरला, हायस्कुलात."

"उद्याच?" तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

राजूरला नवले सरांकडे उतरले. वहिनींनी भात आणि कुळथाचे पिठले केले होते. तिथल्या तांदळाला वास असतो. घराबाहेरूनच कळते की चूल पेटली आहे. दुसऱ्या दिवशी बाजार होता. डोंगरातल्या गावांहून माणसे डोक्यावर पाट्या घेऊन उतरत होती. हिरडा, वरई, सुकट, बांबूच्या टोपल्या, सगळे जमिनीवर मांडलेले. मी जिथून जाई तिथे बोलणे थांबे. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. शिकलेल्या बाईबद्दल एवढा आदर नगरला कधी दिसला नव्हता, असे मी मनात म्हटले.

दुपारी बाजार उठला आणि हायस्कुलाचे पटांगण भरले. बाया, म्हातारे, टोपल्या घेतलेले विक्रेते. माझ्या व्याख्यानाला याआधी इतकी माणसे कधीच आली नव्हती. मी मनातून सुखावले.

सुरुवात पहिल्या राष्ट्राध्यक्षांनी निरोप घेताना केलेल्या उपदेशापासून केली. परक्यांच्या भांडणात कायमचे गुंतू नका. माना डोलल्या. पुढे इंग्लंड आणि फ्रान्स एकमेकांशी लढत असताना दोघेही अमेरिकेची जहाजे धरू लागले, तेव्हा तिसऱ्या राष्ट्राध्यक्षांनी स्वतःचीच बंदरे बंद केली, असे सांगितले.

"सोताचीच?" पुढे बसलेला पागोटेवाला म्हणाला. तोच, अकोल्याचा.

"स्वतःचीच."

"मंग नुकसान कुनाचं झालं?"

"बरेचसे त्यांचेच."

"शानी दिसत्यात," मागून कोणी म्हणाले. हशा झाला.

पुढे १८१२चे युद्ध. समुद्रावरच्या जहाजांवरून इंग्लंडशी भांडण, आणि फौज पाठवली जमिनीवरून कॅनडात. तह झाला, पण बातमी समुद्र ओलांडून यायच्या आत सर्वांत मोठी लढाई होऊन गेली. शेवटी सीमा होत्या तिथेच राहिल्या. "मंग लडले कशापायी?" असा प्रश्न आला. मी पुस्तकातली तीन कारणे सांगितली. वर्गात ती नेहमी नीट बसत. त्या पटांगणात ती तीन वेगवेगळ्या युद्धांची कारणे वाटू लागली.

मी घाईने नकाशा उलगडला. पटांगणातल्या सगळ्या माना पुढे झाल्या.

"हा हिरवा मुलूख १८०३ साली खरेदी झाला," मी म्हटले.

"आमचं गाव कंच्या रंगात हाय?" पागोटेवाल्याने विचारले.

"तुमचे गाव यात नाही. मध्ये बोलू नका."

मागच्या बाजूने एक बाई उठली. पन्नाशीची, काटक, डोक्यावर रिकामी पाटी तशीच. "बाई, ती हिरवी जिमीन. इकली कुनी?"

"फ्रान्सने."

"त्यो हिरव्यात ऱ्हायचा का?"

"नाही. समुद्रापलीकडचा देश."

"हिरव्यात कुनी ऱ्हात हुतं का न्हाई?"

"राहत होते. तिथले मूळचे लोक. पुष्कळ होते."

"त्यास्नी इचारलं?"

"नाही."

"पैका कुनाला मिळाला?"

"फ्रान्सला."

तिने मान हलवली, जणू हिशेब जुळला. शेजारणीला म्हणाली, "म्या काय सांगत हुते?" आणि खाली बसली.

आता नवले सर उठले. त्यांचा चेहरा उतरला होता. "अरे, हा धरणाचा नकाशा नाही," ते म्हणाले. "हा अमेरिकेचा आहे. बाई नगरच्या कॉलेजात शिकवतात."

पागोटेवाला म्हणाला, "म्या आख्ख्या बाजारात सांगून बसलो की." हसत हसत माणसे उठू लागली. थोड्या वेळाने पटांगणात मी, नवले सर आणि नकाशा एवढेच उरलो. आरमारापर्यंत मी पोचलेच नाही.

जेवताना सरांनी सगळे सांगितले. त्या मोसमात नदीकाठाने मोजणीवाले तांबड्या-पांढऱ्या काठ्या घेऊन फिरत होते. धरण होणार, कुठे होणार, होणार की नाही, कोणालाच ठाऊक नव्हते. तेवढ्यात अकोल्याचे एक शेठ काठची भाताची खाचरे पडेल भावात विकत घेऊ लागले. सरकार फुकट घेणार, त्यापेक्षा मला द्या, असे त्यांचे बोलणे. पाटीवाल्या बाईचे नाव चिमाबाई. विधवा. दोन खाचरे, दुसरे काही नाही. महिनाभर ती शेठना नाही म्हणत होती. काल अकोल्याहून बातमी आली की नगरची बाई रंगीत नकाशा घेऊन आली, त्यात नदी आहे, खरेदी लिहिले आहे. तेव्हा आज सकाळी बाजारात तिने शेठना हो म्हटले. उद्या सकाळी जीप येणार, अकोल्याला कागद होणार.

"पण आता तिला कळले ना," मी म्हटले.

सर म्हणाले, "कळलंय असं मला वाटत नाही."

सकाळी मी तिच्याकडे निघणार, तोच ती ओसरीवर येऊन बसलेली. लुगडे धुतलेले, कागदावर अंगठा करायला निघालेली.

"मावशी, काल सरांनी सांगितले ना, नकाशा अमेरिकेचा आहे."

"आयकलं की. अमेरिकेचाच आसंल."

"मग जमीन का विकता?"

"माजं माहेर धरनात गेलं. पोर हुते मी. आदी आसाच रंगीत नकाशा आला. समदी म्हनली, ह्यो आपला न्हाई, दुसऱ्या गावाचा हाय. मंग पानी आलं."

"धरण होणार नाही असे मी सांगत नाही. मला माहीत नाही. पण या नकाशावरून होणार नाही, एवढे नक्की."

"नक्की?"

"नक्की."

"मंग ठिवून जा."

मला आधी समजलेच नाही. ती सावकाश म्हणाली, पोराला सांगावे तसे. "नकाशा हितं माज्यापाशी ऱ्हाऊ द्या. तुमी न्हेनार नगरला. तिथं कलेक्टर ऱ्हातो. कवातरी त्याच्या हापिसात जाईल. हापिसातला मानूस नाव वाचतो व्हय? रंग बगतो. ह्यो हितं ऱ्हायला तर म्या इकत न्हाई."

मी तिला सांगितले की हा महाविद्यालयाचा नकाशा आहे. सांगितले की उद्या संगमनेरला माझे याच विषयावर व्याख्यान आहे.

"तिथं तोंडानं सांगा," ती म्हणाली.

चौकात जीपचा भोंगा वाजला. वहिनी दारातून म्हणाल्या, "देऊन टाका हो ताई. कापडच आहे."

मी चुकीचे उत्तर कधी सोडून दिलेले नाही. वर्गात नाही, घरात नाही. हा नकाशा हातात दिला तर नकाशामुळे जमीन जाते हे मी मान्य केल्यासारखे होणार. नाही दिला तर दुपारपर्यंत खाचरे शेठची होणार, आणि तेही माझ्याच नकाशामुळे. मी तिला पुन्हा एकदा सगळे पहिल्यापासून सांगितले. कागदाने जमीन जात नाही, असे म्हणायला तोंड उघडले आणि समोर हिरवा रंग दिसला. तो मुलूख ज्यांनी विकला आणि ज्यांनी घेतला, त्यांतल्या बहुतेकांनी तो पाहिलाही नव्हता. कागदावरच तर तो गेला होता. मग चिमाबाई चुकत होती ती नेमकी कुठे? तेव्हा मला ते सापडले नाही. आजही बोट ठेवता येत नाही.

मी नकाशा दिला. ती तो काखेत मारून चौकाकडे चालू लागली. मी आणि सर मागोमाग.

"शेठ, जिमीन ऱ्हाऊ द्या," ती जीपपाशी म्हणाली.

"का गं? काल तर हो म्हणालीस."

"काल नकाशा ह्यांच्याकडं हुता. आज माज्याकडं हाय."

शेठनी काखेतली गुंडाळी पाहिली, मग मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "बाई, तुम्ही कुठल्या खात्याच्या?"

"इतिहास."

त्यांनी काही विचार केला आणि ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली. असे काही खाते आहे की काय, या विचारात ते अकोल्यापर्यंत गेले असावेत.

संगमनेरला मी फळ्यावर खडूने नकाशा काढला. फ्लोरिडा भलत्याच बाजूला गेली हे निम्म्या व्याख्यानानंतर लक्षात आले. कोणी विचारले नाही, मीही पुसली नाही. शेवटी अमेरिकेने युरोपला, आमच्या गोलार्धात पाऊल टाकू नका, असे बजावले तिथपर्यंत आले. मग तिचे आरमार आमच्या समुद्रात कशाला आले, असा प्रश्न आला. मी म्हटले, मला कळत नाही. टाळ्या झाल्या. कशासाठी, तेही कळले नाही.

नगरला परतल्यावर प्राचार्यांनी नकाशा कुठे म्हणून विचारले. राजूरला राहिला, मी म्हटले. त्यांनी मान हलवली, आणि त्यातूनच पुढे 'हरवला' झाले असावे.

दोन वर्षांनी नवले सर नगरला भेटले. धरण तिथे झाले नाही. मोजणीवाले आले तसे निघून गेले. चिमाबाई त्याच खाचरांत भात लावते आहे, नकाशा घडी घालून तांदळाच्या कणगीखाली ठेवला आहे, असे त्यांनी सांगितले. धरण न होण्याशी नकाशाचा संबंध नाही, एवढे मला समजते. पण चिमाबाईने उलट विचारले असते तर पुरावा म्हणून मी काय दाखवले असते, याचा विचार मी अनेकदा केला आहे. पुढे बत्तीस वर्षे तो धडा शिकवला. १८०३ची खरेदी आली की कोणी विचारायच्या आतच मी सांगत असे की तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. परीक्षेत ते कधी आले नाही.

तर प्रदर्शनवाल्यांनी नोंद अशी करावी. राजूर येथे नवले सरांच्या ओसरीवर, नवले पती-पत्नींसमक्ष, माझ्या हातून चिमाबाईंच्या हाती दिला : मांजरपाटावर रंगवलेला अमेरिकेचा नकाशा, एक, सुस्थितीत. घडी नीट बसत नाही म्हणून जीप गेल्यावर बांबूच्या दोन्ही काठ्या त्यांनी काढून मला परत केल्या. त्या मी त्याच आठवड्यात विभागात जमा केल्या आहेत.