झाकलेला झिरा

आमचे हे गेले तेव्हा मी देवाशी बोलणं टाकलं. खोटं कशाला सांगू? विषमज्वरानं आठ दिवस ते अंथरुणाला खिळले होते आणि त्या आठ दिवसांत मी मारुतीपुढे जेवढं नाक घासलं तेवढं जन्मात घासलं नव्हतं. नवव्या दिवशी माणूस गेला. तेरवी उरकल्यावर मी मारुतीची तसबीर खिळ्यावरून काढली, जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि पेटीच्या तळाशी टाकून दिली.

हे अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका शाळेत ड्रिल मास्तर होते. शाळा सुटली की गल्लीतली तालीम, आणि रविवार उजाडला की पंधरा-वीस पोरं घेऊन सातपुडा. पोहणं, झाडावर चढणं, रानातली वाट ओळखणं, ऊन लागलेल्याला सावरणं, सगळं शिकवत. मी म्हणायची, लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस फार. पण घराकडे त्यांचं लक्ष नव्हतं असं म्हटलं तर माझी जीभ झडेल. रविवारी निघण्याआधी आमच्या कुसुमच्या वेण्या तेच घालत आणि येताना रुमालात रानातली पिकली टेंभरं बांधून आणत. दर हनुमान जयंतीला मलाही सोबत नेत. हिवरखेडपर्यंत मोटारीनं, तिथून उत्तरेला पायी, डोंगरातल्या मारुतीच्या ठाण्याला. बायकोला रानात फिरवतो म्हणून गल्ली हसायची. हसू दे, म्हणायचे.

वाटेत एक कोरडा नाला लागतो. तिथं हे वाळूत हातभर खोल खड्डा उकरत. त्याला आमच्याकडे झिरा म्हणतात, पाणी हळूहळू पाझरून वर येतं. आता पाणी प्यालो, तर निघावं की नाही? नाही. हे बसून झिरा साफ करणार, काठाला गोटे लावणार, वर जांभळीची डहाळी, डहाळीवर चपटा दगड, शेजारी उपडी करवंटी. तोवर माझ्या डोक्यावर ऊन. एकदा मी चिडून विचारलं, या रानात येणार कोण आहे, कोणासाठी एवढं चाललंय?

"येईल कोनी," ते म्हणाले. "आपल्याले काय मालूम कोन?"

नऊ वर्षांची झालीस की तुला पायी नेईन, असं त्यांनी कुसुमला कबूल केलं होतं. ते गेल्याला दोन वर्षं झाली आणि कुसुम नऊची झाली. साठ सालानंतरची गोष्ट ही. पोरीनं धोशाच लावला. मी ठरवलं, एकदा जायचं, त्यांचा शब्द पुरा करायचा, मारुतीला चार शब्द सुनवायचे आणि मोकळं व्हायचं. शेजारीण म्हणाली, कोणाला तरी सोबत घे. मी म्हटलं, दहा वर्षं गेलेय मी, डोळे मिटून जाईन.

हनुमान जयंतीला यात्रेच्या बैलगाड्या लांबच्या रस्त्यानं जातात. मी ह्यांची जवळची पायवाट धरली. खांद्याला त्यांचीच पाण्याची कॅनव्हासची छागल, हिवरखेडच्या विहिरीवर काठोकाठ भरलेली. तासाभरानं कुसुमनं पाणी मागितलं तेव्हा छागल हलकी लागली. माझी पाठ ओलीचिंब झाली होती आणि मी तो घाम समजत होते. दोन वर्षं खुंटीला वाळलेली छागल आदल्या दिवशी भिजत घालावी लागते, तेव्हा कापड फुगतं आणि पाणी धरतं. हे दर शनिवारी ती भिजवत, आणि ओसरी ओली झाली म्हणून मी कटकट करत असे. कशाला भिजवता, हे काही मी कधी विचारलं नाही.

उरलेले चार घोट पोरीला पाजले. पुढं पायवाटेला फाटे फुटले आणि माझी अक्कल ठिकाणावर आली. दहा वर्षं मी रस्ता बघितलाच नव्हता, ह्यांच्या पाठीकडे बघून चालले होते. परतावं तर गाव लांब राहिलेलं. दोन वेळा चुकून तिसरा फाटा धरला तोवर कुसुमचं तोंड लालबुंद झालं. अंगाला हात लावला तर तापलेलं आणि कोरडं, घामाचा टिपूस नाही. "बाबा पुढं गेले का?" असं विचारायला लागली. ऊन लागून माणसं कशी जातात ते वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. मी फार घाबरले. तिला पाठीवर घेऊन सावलीसाठी एका नाल्यात उतरले आणि मटकन बसले. मारुतीला सुनवायचं ते तिथंच सुनवणार होते, पण तोंडातून निघालं भलतंच. "माझ्यानं आता होत नाही. तूच बघ," एवढंच म्हटलं.

मान वळवली तर पाच-सहा हातांवर चपटा दगड. त्याखाली जांभळीची डहाळी, पानं अजून कोमेजलेली नव्हती. शेजारी उपडी करवंटी.

चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. कोणीतरी सकाळी झिरा साफ करून झाकला होता, एवढंच. मी स्वतःला चुकलेली समजत होते आणि बसले होते ह्यांच्याच नाल्यात. पाय नेमके तिथं कसे उतरले, ते मात्र मला सांगता येत नाही.

पदर भिजवून पोरीच्या डोक्यावर, मानेवर ठेवला, घोट घोट पाजलं. बऱ्याच वेळानं तिनं "आई" म्हणून नीट हाक मारली, तेव्हा मी हमसून हमसून रडले.

तेवढ्यात गुरं हाकत एक कोरकू म्हातारा आला. "मास्तरचा झिरा हाय," तो म्हणाला. "प्या पोटभर, अन् झाकून ठेवजा." मग त्याची नजर ह्यांच्या छागलीवर गेली आणि त्यानं विचारलं, "दोन सालापासून मास्तर दिसले नाही. बरे हायेत नं?"

मी करवंटी खाली ठेवली. कुसुम म्हणाली, "बाबा वारले."

म्हातारा वाळूत खाली बसला. मास्तर येईपर्यंत झिरा राखीन, असं त्यानं ह्यांना कबूल केलं होतं, आणि दोन उन्हाळे तो राखत आला होता. पोरीला खांद्यावर घेऊन ठाण्यापर्यंत त्यानंच आम्हाला पोचवलं.

नाल्यातून निघण्याआधी मी माझ्या हातानं झिरा साफ केला, गोटे लावले, डहाळी ठेवली. कुसुम बघत होती. कोणासाठी गं आई, म्हणाली.

"येईल कोनी," मी म्हटलं. "आपल्याले काय मालूम कोन?"

मारुतीपुढे उभी राहिले तेव्हा सुनवायचा एक शब्द आठवेना. नुसते हात जोडले. घरी येऊन तसबीर पुन्हा खिळ्याला लावली. त्यानं माझा माणूस नेला हे मी विसरले नाही, पण पोर माझ्या पदरात ठेवली हेही विसरणार नाही. कोण येईल, कोण जाईल, ते त्याच्याकडे. आपण आपला झिरा झाकावा, एवढं मला त्या नाल्यात कळलं. आता दर चैत्रात आम्ही मायलेकी जातो. आदल्या दिवशी मी छागल भिजत घालते. ओसरी ओली होते. होऊ दे.