रस न देणारं गुऱ्हाळ

त्या तक्रारीची आठवण झाली की आजही हसू येतं. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते, नेमणूक आष्ट्याच्या बाजूला. सकाळची हजेरी उरकतोय तोवर आबा नावाचे एक वयस्कर शेतकरी तणतणत पोलीस ठाण्यात शिरले.

"सायेब, वड्याकडंच्या गुऱ्हाळावर गेलतो. रस ऱ्हाऊ द्या, पानीबी इचारलं न्हाई. गेटवरनंच हाकललं!"

"आबा, रस दिला नाही म्हणून कोणतं कलम लावू?" ठाणे अंमलदार हसायला लागला. मी मात्र ऊसवाल्याच्या घरचा. गुऱ्हाळावरून माणूस कोरड्या तोंडानं परत जातो? छे! आबांना बाहेर नेऊन चहा पाजला, तेव्हा त्यांचा आवाज खाली आला.

"हाकलणारं माझंच पोरगं हाय. राखणीला हाय तिथं. जेवत न्हाई, झोपत न्हाई. बापाला वळखंना झालंय, सायेब. त्याला वाचवा."

साध्या वेशात चक्कर मारली. ऐन हंगामात चिपाडाचा ढीग नाही, चुलाणाला धूर नाही, एक माशीसुद्धा नाही! वास मात्र नाक जाळणारा. वरिष्ठांना कळवलं, पंच घेतले, छापा टाकला. रस आटवायच्या काहिलीच्या जागी रसायनांची पिंपं. परगावच्या दोघांनी गुऱ्हाळ भाड्यानं घेऊन मेथ नावाची नशा बनवायचा धंदा मांडला होता. ते मात्र निसटले.

पोरगा सापडला. तिशीतला, डोळे तारवटलेले. ठाण्यात आणल्यावर तासभर त्याचं एकच पालुपद, "खबर कुणी दिली?" खबऱ्याचं नाव मी जन्मात फोडलं नव्हतं. पुढचा प्रश्न विचारला.

तेवढ्यात दारातून आवाज आला. भाकरीचा डबा घेऊन आबा उभे!

"मी दिली. पुन्यांदा दीन. काय करायचं ते कर, पर आधी जेव गड्या."

पोरगा ढसाढसा रडला. मग घास खात खात सगळं सांगितलं: धंद्याचे मालक कुठं लपलेत, शहरात विश्रामबागेत माल कुठल्या खोलीत जातो. त्यालाही पगाराबरोबर तीच नशा देत होते. दोघे मालक आठवड्यात गजाआड झाले. पोरगा माफीचा साक्षीदार झाला आणि व्यसनमुक्ती केंद्रातून माणसात आला.

नोकरीभर मी गुन्हेगाराला बोलतं करायच्या युक्त्या शिकलो. त्या दिवशी कळलं, खरं बोलणारा बाप समोर असला की युक्ती लागत नाही.

गेल्या वर्षी त्याच्या लग्नाला गेलो. आबांनी हात धरून मला मांडवभर फिरवलं. "ह्येच ते सायेब बरं का, ह्यांनीच आमच्या नवरदेवाला पकडलं!" मला कुठं तोंड लपवू असं झालं. सगळ्यात मोठ्यानं हसला तो नवरदेव.